‘रिलॅक्सेशन’चा तक्ता: साठ दिवसांच्या नोंदी

3 जून

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आजवर अकरा तक्ते लागले आहेत. वर एक इंग्रजी शब्द, खाली मराठी, शेजारी कन्नड आणि प्रत्येक अर्थाला एक खरं वाक्य. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आमची पोरं पुढे इंग्रजी अर्ज आणि कन्नड कागदपत्रं यांच्या मधे अडकतात, म्हणून हे काम सुरू केलं. मी खडेबाजारात डीटीपी करते, दिवसभर मराठी आणि कन्नड दोन्ही जुळवते. त्यामुळे मांडणी माझ्याकडे. कन्नड रकाना वडगावच्या मास्तरांकडे. ते कन्नड शाळेतून निवृत्त झालेत आणि मराठी आमच्यासारखीच बोलतात.

खानापूर आणि निपाणीहून दोघा-तिघांनी असेच तक्ते करायचे म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे.

बारावा शब्द पोरांनीच सांगितला: रिलॅक्सेशन. दोन संध्याकाळींचं काम असं मी वहीत लिहिलं. पहिल्या दमात सुचलेले शब्द: शिथिलता, शिथिलीकरण, सवलत, सूट, विश्रांती, आराम, विसावा, करमणूक. आठही बरोबर वाटले, आणि खरी अडचण तीच होती.

5 जून

आधीच्या तक्त्यांवरून एक शिकले होते. पोरांना ‘या शब्दाचा अर्थ काय’ असं विचारायचं नाही, ‘हा शब्द कुठं वाचलास’ असं विचारायचं. प्रत्येकाने पूर्ण वाक्य चिठ्ठीवर उतरवून आणायचं. एकतीस चिठ्ठ्या जमल्या. एकोणीस वयोमर्यादेच्या, चार लॉकडाऊनच्या वेळच्या, तीन योगाच्या, दोन मोबाइलवरच्या संगीताच्या, दोन इंजिनिअरिंगच्या आणि एक एमआरआयच्या रिपोर्टातली.

एकतीसमधल्या एकोणीस म्हणजे आमच्या पोरांच्या आयुष्यात हा शब्द आरामाचा नाहीच, अर्जाचा आहे. हे चिठ्ठ्या मोजेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या डोक्यात खुर्चीत रेलून बसलेला माणूस होता.

चिठ्ठ्यांना रबर लावून डब्यात ठेवल्या. त्या रबराचं पुढे काम पडलं.

10 जून

तक्ता जुळवला आणि ए-थ्री आकारात 40 प्रती काढल्या. प्रतीला 22 रुपये, एकूण 880. लॅमिनेशन नंतर करू म्हटलं. भिंतीवर एक लावली, बारा प्रती पोरं घेऊन गेली.

घाई झाली. मास्तरांचा कन्नड रकाना अजून पुरा व्हायचा होता, तरी छापलं, कारण एका भरतीचे अर्ज सुरू होते आणि पोरांना तक्ता लगेच हवा होता. वयोमर्यादेच्या रकान्यात मी हे वाक्य टाकलं: ‘मागासवर्गीय उमेदवारांना वयात व फीमध्ये सूट.’

हे वाक्य मी कुठल्याही जाहिरातीतून घेतलं नव्हतं. माझ्या कानावर होतं म्हणून लिहिलं. चिठ्ठ्यांचा नियम मीच घातला आणि मीच मोडला.

14 जून

पाऊस लागला. मास्तरांकडे वडगावात तीन तास बसले. वयोमर्यादेतल्या शिथिलतेला कन्नडमध्ये ‘वयोमिती सडिलिके’. सडिल म्हणजे सैल. फी किंवा कर पूर्ण माफ असेल तर ‘विनायिती’. दुकानातल्या दरात सूट असेल तर ‘रियायिती’. मास्तरांनी तिन्ही शब्द तीन वेगळ्या ओळींत लिहिले. मी म्हटलं, मराठीत या तिन्हींना सूट म्हणतात, एकाच ओळीत घाला. मास्तर म्हणाले, “बाई, सडिलिके आणि विनायिती एका ओळीत नाही बसायच्या.” मी जागेची अडचण सांगितली. ते गप्प राहिले. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मिळाली आणि त्या आनंदात मी घरी आले. कन्नड ‘सडिल’ हा संस्कृत ‘शिथिल’चाच तद्भव. आणि आपण ‘सढळ हाताने दिलं’ म्हणतो त्यातला ‘सढळ’ही त्याच घरातला. प्राकृतात शिथिलचं सढिल झालं आणि तिथून एक भाऊ आपल्याकडे आला, एक कन्नडमध्ये गेला. आपल्याकडे त्याचा अर्थ मूठ सैल असलेला, म्हणजे उदार असा झाला. बेळगावात राहून दोन्ही शब्द रोज जुळवते, पण ही दोघं भावंडं आहेत हे मला मास्तरांच्या पडवीत कळलं.

इंग्रजी शब्दाचं मूळही सैलपणाचंच आहे. लॅटिनमध्ये ‘लॅक्सस’ म्हणजे सैल. ‘रिलीज’ही त्याच धातूतून आलाय आणि जुलाबाच्या औषधाला ‘लॅक्झेटिव्ह’ म्हणतात तेही तिथूनच. तीन भाषांतले शब्द शेवटी एकाच हालचालीपाशी येतात: आवळलेलं काहीतरी सैल सोडणं.

एक फसवा शब्द नोंदवून ठेवते. कन्नडमध्ये ‘निराळ’ म्हणजे निवांत, मनावरचा भार उतरलेला. आपल्याकडे ‘निराळा’ म्हणजे वेगळा. कन्नड वाक्यात ‘निराळ’ दिसलं की आमची पोरं ‘वेगळा’ वाचतात. तक्त्यात तांबड्या अक्षरात घातलं.

रात्री जुळवताना आणखी दोन तास गेले. कन्नड मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये होता. मराठीशेजारी आणला की जोडाक्षरं फुटायची, ‘विश्रांती’ तर ओळखूच येईना. शेवटी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या एकाच संकेतपद्धतीत, पुन्हा टंकलं. तुम्ही करणार असाल तर पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषा युनिकोडमध्येच ठेवा. नंतर बदलायला गेलं की काम दुप्पट होतं.

22 जून

आज काम थांबवलं.

अभ्यासिकेतला एक मुलगा संध्याकाळी आला. इतर मागास वर्गातला, वय 28. केंद्राच्या एका भरतीचा अर्ज भरत होता. वयाची अट 27. त्याला 3 वर्षांची शिथिलता, म्हणजे 30 पर्यंत बसतो. तेवढं त्याने बरोबर ओळखलं. पण फीचं पान आलं तेव्हा ते बंद केलं. अंतिम तारीख गेल्यावर अर्ज अपुरा दिसला. त्याने माझा तक्ता समोर धरला.

“आक्का, फी भराय पायजे होती काय? तक्त्यात वयात आणि फीमध्ये सूट म्हणून हाय की.”

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांना फी 100 रुपये असते. ती महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दिव्यांग आणि पात्र माजी सैनिक यांना माफ असते. इतर मागास वर्गाला वयात 3 वर्षं मिळतात, फी मात्र भरावी लागते. हे मला माहीत होतं. अशा जाहिराती मी स्वतः छापल्यात. पण ‘सूट’ लिहिताना दोन वेगळ्या गोष्टी मी एका शब्दात कोंबल्या, आणि ‘मागासवर्गीय’ म्हणून सगळ्यांना एकाच रांगेत बसवलं.

तो रागावला नाही. फक्त म्हणाला, “पुढल्या वर्षी शेवटचं बसाय मिळेल.” शंभर रुपयांपायी त्याचं एक वर्ष गेलं, ते माझ्या वाक्याने. ते मला परत देता येत नाही.

भिंतीवरचा तक्ता काढला. बारा पोरांना एकेक करून फोन केले. अकरा प्रती परत आल्या. बारावी सापडत नाही म्हणतो, त्याच्या घरी उद्या जाते. फीच्या बाबतीत आणखी कुणी फसलं नाही, हे प्रत्येकाला विचारून खात्री केली.

23 जून

बारावी प्रत कंग्राळीत मिळाली. चाळीसही प्रती फाडल्या. 880 रुपये गेले, त्याचं काही वाटलं नाही.

26 जून

मास्तरांकडे पुन्हा. चूक सांगितली. ते काही बोलले नाहीत, त्या दिवशीच्या तीन ओळींचा कागद त्यांनी जपून ठेवला होता, तोच पुढे केला.

आता मराठीतही तीन ओळी केल्या आणि ‘सूट’ हा शब्द अर्जाच्या भागातून पूर्ण काढला. बोलण्यात तो छान आहे, पण अर्जात धोक्याचा.

शिथिल: अट आहेच, फक्त ती ठरावीक मापाने ताणली आहे. मापाच्या पुढे गेलात की अट पुन्हा तशीच.
माफ: अट लागूच नाही.
सवलत: द्यायचं आहेच, पण कमी द्यायचं.

पोरांना पटेल असं उदाहरण हवं होतं. ते घरी परतताना बसमध्ये मिळालं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. म्हणजे तिकीट घ्यावं लागतंच, भाडं मात्र माफ. माझ्या शेजारच्या बाकावरच्या शाळकरी मुलाकडे पास होता, त्याला सवलत. आणि मागे एका आईने दारात उभ्या पोराचं वय विचारल्यावर कंडक्टरला ‘आत्ताच सहा लागलंय हो’ म्हटलं आणि त्याने हसून सोडून दिलं, ते मात्र तिन्हींत बसत नाही. ते नियमाबाहेरचं, म्हणून तक्त्याबाहेरही.

शिथिलतेचं माप काय, हे कुणाच्या नियमात बघतोय त्यावर आहे. आमची पोरं वेगवेगळी दारं ठोठावतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. केंद्राच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षं, इतर मागास वर्गाला 3. महाराष्ट्राच्या भरतीत खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. महाराष्ट्राच्या जाहिरातींत सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांसाठी वेगळं कलम असतं, त्यात अधिवासाच्या दाखल्याऐवजी 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला चालतो. इथं वय शिथिल होत नाही, अधिवासाची अट होते. दोन शिथिलता एकमेकींत मिसळायच्या नाहीत. आणि कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणाला आपोआप चालत नाही, हेही खाली घातलं. त्यावर पोरं बरीच फसतात.

जाहिरातीत ‘शिथिलक्षम’ असं आलं तर पोरं घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच की अट सैल करता येण्याजोगी आहे, सैल झालीच असं नाही. लॉकडाऊनच्या चार चिठ्ठ्या या भागात सहज बसल्या. 2020 मध्ये ‘निर्बंध शिथिल’ झाले म्हणजे निर्बंध संपले नाहीत, दुकानं ठरलेल्या वेळेपुरती उघडली, हे सगळ्यांना आठवत होतं. ती आठवण वयाच्या शिथिलतेला चिकटवली आणि समजावणं सोपं झालं. वेळ संपली की दुकान बंद, वय संपलं की अर्ज बंद.

1 जुलै

योगाच्या चिठ्ठ्यांचं काय करायचं म्हणून निपाणीला भाचीकडे गेले. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका येतात, दिवसभर मान खाली घालून बसल्यामुळे खांदे दगड झालेले. त्यांच्यासाठी ती पाच मिनिटांच्या सूचना मोबाइलवर ध्वनिमुद्रित करत होती. म्हटलं, तक्त्यातलं शरीराचं वाक्य इथंच तपासू.

पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची आहे, 1929 साली त्यांनी ती पुस्तकात मांडली. स्नायू आधी मुद्दाम आवळायचा, मग एकदम सोडायचा, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक शरीरालाच कळतो. भाची मूठ पाच ते सात सेकंद आवळायला लावते आणि सोडल्यावर वीसेक सेकंद थांबते. दुखेल इतकं आवळायचं नाही आणि श्वास कोंडायचा नाही, हे ती प्रत्येक वेळी सांगते.

पहिलं ध्वनिमुद्रण माझ्या भाषेत झालं: “आता आपले खांदे शिथिल करा.” सहा बायकांपैकी एकीनेही खांदा हलवला नाही. सगळ्यांत वयस्क आजी म्हणाल्या, “शिथिल नगं गं बाई. आमच्या मालकाचं शेवटाला अंग शिथिल पडलं हुतं.”

मराठीत ‘गात्रं शिथिल झाली’ हे आपण म्हातारपणाला आणि मरणाच्या जवळ म्हणतो. कागदावर मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ‘विसावा’ घेतला. हा शब्द मला फार आवडतो, वारीत पालखी जिथे थांबते तो विसावा. आजींनी पुन्हा मान हलवली. “विसावा म्हंजे तिरडी टेकवायची जागा. मसणवाटंत जाताना.” बाकीच्या गप्प झाल्या. खरंच आहे. स्मशानाच्या वाटेवर प्रेत खाली ठेवून खांदेकरी बदलतात त्या जागेलाही विसावाच म्हणतात. शवासन हे नाव तर भाची आधीपासूनच टाळते.

तिसऱ्यांदा भाचीने कागद बाजूला ठेवला आणि आजींनाच विचारलं, “हिरीवरनं भरलेली घागर आणून चुंबळीवरनं खाली उतरवल्यावर मानेचं काय होतं?” आजींनी हात वर नेऊन घागर उतरवल्यासारखं केलं. दोन्ही हात खाली आले, खांदे दोन बोटं तरी खाली आले, आणि त्यांनी तोंडातून श्वास सोडला. “असं ढिल्लं होतंय.” बाकीच्या पाचही जणींनी तसंच केलं. एकीला तर जांभई आली.

ध्वनिमुद्रणात आता एवढंच आहे: “डोक्यावरची घागर खाली ठेवा. खांदं ढिल्लं सोडा.” मास्तरांना फोन केला. कन्नड वाक्य त्यांनी तिथल्या तिथे दिलं, “कै सडिल बिड्री”, हात सैल सोडा. इथंही सडिलच. अर्जातलं सडिलिके आणि शरीरातलं सडिल हे कन्नडमध्ये उघड नातं आहे. मराठीत आपण अर्जासाठी संस्कृत शब्द उचलला आणि शरीरासाठी घरचा ठेवला, म्हणून नातं दिसत नाही.

जाणं-येणं शून्य रुपये तिकिटावर. वेळ एक अख्खा दिवस.

4 जुलै

‘आराम’ कुठे घालायचा यावर पोरांशी वाद. आपल्याकडे ‘आता आराम आहे’ म्हणजे दुखणं बरं झालं. इकडच्या कन्नडमध्ये रस्त्यात भेटलं की ‘आराम अदीरी?’ म्हणजे बरे आहात ना. म्हणून ‘रिलॅक्सेशन’ला सरसकट ‘आराम’ लिहिलं तर बेळगावात ते तब्येतीकडे जातं. विश्रांती म्हणजे काम थांबवणं. सैलावणं त्याहून वेगळं, काम चालू असतानाही माणूस सैलावू शकतो. गप्पांत आधी अवघडून बसलेला पाहुणा चहा झाल्यावर सैलावतो. तो शब्द तक्त्यात घेतला, संगीताच्या दोन चिठ्ठ्याही तिथेच गेल्या. ‘करमणूक’ काढली, ती वेगळी गोष्ट.

9 जुलै

इंजिनिअरिंगच्या चिठ्ठ्यांसाठी बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत गेले. आमच्या शेजारचे मामा तिथे मशीन शॉपमध्ये तीस वर्षं आहेत. पावसात रिक्षाला दोन्ही वेळचे मिळून 140 रुपये.

मामांनी ओतीव लोखंडाचा एक लांब बेड, म्हणजे मशीनचा पाया, दाखवला. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मधे फट मोजायच्या फीलर गेजचं पातळ पान सरकवलं. दोन्ही टोकांना पान अडत होतं, मधे सहज आत जात होतं. “काल मशिनिंग केलं तेव्हा सरळ होता. आज वाकलाय बग.” ओतल्यावर पातळ भाग आधी थंड होतो, जाड भाग मागून, आणि त्या ओढाताणीत लोखंडाच्या पोटात ताण कोंडून राहतो. वरचा थर कापला की तो ताण एका बाजूने मोकळा होतो आणि बेड वाकतो. हा माल घाईत भट्टीशिवाय आला होता. नेहमी कास्टिंग साडेपाचशे-सहाशे डिग्रीला तापवून, तासन्‌तास ठेवून, भट्टीतच हळूहळू थंड करतात. शॉपमध्ये त्याला ‘स्ट्रेस रिलीव्ह’ म्हणतात. पूर्वी कास्टिंग महिनोन्‌महिने अंगणात ऊन-पावसात टाकून ठेवायचे, मामा त्याला ‘माल मुरवणं’ म्हणतात.

मी विचारलं, मग रिलॅक्सेशन म्हणजे हेच? मामांनी नाही म्हटलं. भट्टी आपण लावतो. रिलॅक्सेशन आपोआप होतं, आपल्याला नको असताना.

हे घरी येऊन चिठ्ठ्यांचा डबा उघडला तेव्हा नीट कळलं. रबर बोटाने ओढून पाहिलं. डबा हलला नव्हता, चिठ्ठ्या कमी-जास्त झाल्या नव्हत्या, रबराचा वेढा तेवढाच होता. पण महिन्याभरात त्याची पकड गेली होती, चिठ्ठ्या सरकत होत्या. लांबी तीच, ताण कमी. भौतिकशास्त्रातलं रिलॅक्सेशन ते हेच. मराठीत मी ‘ताण ओसरणे’ लिहिलं. पूर ओसरतो तसा, कुणी न सोडता.

दुसरी चिठ्ठी पुलाच्या तारेची होती, ‘लो रिलॅक्सेशन’. काँक्रीटच्या गर्डरमध्ये ताणून बसवलेली पोलादी तार वर्षानुवर्षं ताण धरून राहिली पाहिजे. भारतीय मानकाप्रमाणे ती तार तुटण्याच्या बळाच्या 70 टक्क्यांवर ताणून 1000 तास ठेवली तर ताण अडीच टक्क्यांहून जास्त ओसरता कामा नये. म्हणजे इथं रिलॅक्सेशन हा दोष आहे आणि ‘लो’ हा गुण. हे वाक्य वाचून इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला की दोन वर्षं तो हे ‘कमी आराम देणारी तार’ असं पाठ करत होता.

15 जुलै

एमआरआय. चिठ्ठीवर ‘टी-वन’ आणि ‘टी-टू रिलॅक्सेशन टाइम’. एका पोरीने विचारलं, “प्रोटॉन आराम करतात काय?” चुंबकात ओळीने लागलेल्या शरीरातल्या प्रोटॉनना रेडिओलहरीने ढकलायचं आणि ते परत कधी जागेवर येतात ते मोजायचं. चरबीतले लवकर येतात, पाण्यातले उशिरा, म्हणून चित्रात वेगवेगळे दिसतात. मराठीत ‘पूर्वस्थितीला येण्याचा काळ’ लिहिलं. आराम नाही, शिथिल नाही.

18 जुलै

मांडणी पुन्हा. आठ समानार्थी शब्दांची यादी काढून टाकली. तिच्या जागी वर दोन प्रश्न ठेवले: काय ताणलेलं होतं? आणि कुणी सोडलं? अट ताणलेली होती, सरकारने सोडली: शिथिल. खांदा आवळलेला होता, आपण सोडला: ढिला, सैल. लोखंडात ताण होता, भट्टीने काढला: स्ट्रेस रिलीव्ह. तारेत ताण होता, कुणीच सोडला नाही, आपला आपण गेला: ओसरला. एकतीसही चिठ्ठ्या या दोन प्रश्नांवर टाकून पाहिल्या. सगळ्या आपापल्या रकान्यात गेल्या.

यावेळी छापण्याआधी तीन जणांना अर्जाचा भाग वाचायला दिला आणि एक खोटा अर्ज भरायला लावला. दोघांनी बरोबर भरला. तिसरीने ‘माफ’च्या ओळीत स्वतःला शोधलंच नाही. ती बाई आहे म्हणून तिला फी माफ, हे तिला दिसलं नाही, कारण मी ‘महिला’ शब्द शेवटी टाकला होता. पहिला आणला.

27 जुलै

पुन्हा 40 प्रती, 880. लॅमिनेशन 15 प्रमाणे 600. चिठ्ठ्यांचे कागद, रबर, पेन 120. रिक्षा 140. फाडलेल्या प्रती धरून एकूण 2620 रुपये. माझे स्वतःचे तास मोजले तर पंचेचाळीसच्या वर. दोन संध्याकाळी म्हणून सुरू केलं होतं.

2 ऑगस्ट

तक्ता लावला. छापायला जाण्याच्या आदल्या रात्री फीपायी वर्ष गेलेला तो मुलगा दुकानात आला होता आणि म्हणाला होता की फीची ओळ टंकलेली नको, ती कुणी वाचत नाही. त्याने वहीचं पान फाडून निळ्या पेनाने लिहून दिली. ती मी तशीच स्कॅन करून खाली बसवली, ‘वर्षे’वरची त्याची वाकडी मात्रासुद्धा: ‘इतर मागास वर्ग: वय 3 वर्षे शिथिल. फी माफ नाही, 100 रुपये भरा.’

आज संध्याकाळी दोन पोरी अर्ज घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांनी तीच ओळ आधी वाचली. दहा प्रती निपाणीला भाचीकडे, आठ खानापूरला, पाच मास्तरांच्या जुन्या शाळेत जातायत.